दोन बोटं सनस्क्रीन, एक सनकोट आणि सासूबाईंचं १२१ वं स्तोत्र: चार महिन्यांचा अनुभव

आधीच सांगते, मला मेकअपमधलं काही कळत नाही. मी पिग्मी एजंट आहे, म्हंजे दुकानादुकानांतून लोकांची रोजची थोडी थोडी बचत गोळा करणारी. सकाळी साडेदहाला मशीन पर्समधे टाकून घराबाहेर पडायचं, शहापूर खडेबाजार, मग गणपत गल्ली, मारुती गल्ली, रविवार पेठ, दुकानं फिरत फिरत दोन वाजेपर्यंत कलेक्शन, आणि संध्याकाळी परत राहिलेली दुकानं. गाडी एका ठिकाणी लावून चालतच फिरावं लागतं कारण गणपत गल्लीत गाडी घालायची म्हंजे डोक्याला ताप. अकरा वर्षं झाली हे करतेय. पावसाळ्यात छत्री, उन्हाळ्यात पदर किंवा ओढणी, बास. आपलं बेळगाव म्हंजे गरिबांचं महाबळेश्वर, इथं कसलं ऊन लागतंय, असं आपण सगळेच म्हणतो, मीपण म्हणत होते.

गेल्या दिवाळीनंतर एका साडीच्या दुकानात पैसे घेत होते आणि समोर तो मोठा आरसा, ट्यूबलाइट डायरेक्ट तोंडावर, आणि बघते तर दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग, नकाशा काढल्यासारखे. घरच्या आरशात कधी दिसलेच नव्हते, आमच्या बाथरूमचा बल्ब म्हंजे देवाची दयाच. दुकानातल्या वहिनी म्हणाल्या, "वांग आलंय ओ तुम्हाला, मला पण आहे बघा." आणि त्यांनी गाल दाखवला. त्यांचा डावाच गाल जास्त काळा होता. त्या रोज काचेच्या दरवाजाशेजारी गल्ल्यावर बसतात आणि डावी बाजू काचेकडे. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता, तो नंतर डॉक्टरांकडून कळला.

पण डॉक्टरकडं जायच्या आधी मी जो शहाणपणा केला तो पण लिहिते, कारण निम्म्या बायका तोच करतात. एका मेडिकलमधे (नाव नको, आणि ते एकटेच असं करतात असं पण नाही) गेले, डाग दाखवले, त्यांनी चिठ्ठी न मागता एक ट्यूब दिली, "हे लावा रात्री, पंधरा दिवसात गोरं." आणि खरंच पंधरा दिवसात तोंड असं झकास दिसायला लागलं की सोसायटीतल्या पोरी विचारायला लागल्या. दीड महिन्यानं ट्यूब संपली, चार दिवस लावली नाही आणि तोंड लालभडक, आग आग, वर बारीक पुटकुळ्या, आणि डाग होते त्याच्यापेक्षा गडद. त्वचारोगवाल्या डॉक्टर मॅडमनी ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं, आत स्टिरॉइड होतं. ते चिठ्ठीशिवाय विकायचंच नसतं. ते लावलं की कातडी पातळ होते आणि मग ऊन अजूनच बाधतं. म्हंजे मी छप्पर गळतंय म्हणून कौलंच काढून टाकली होती.

मॅडमनी औषध दिलं ते थोडंच. जास्त वेळ त्या सनस्क्रीनवर बोलल्या. म्हणाल्या, नुसती क्रीमं लावून वांग जाणार नाही, ऊन बंद केल्याशिवाय बाकी सगळं पाण्यात. आणि वांग असेल तर रंगवालीच सनस्क्रीन घ्या, म्हंजे टिंटेड, कारण त्याच्यात आयर्न ऑक्साइड असतं. साध्या सनस्क्रीननी न दिसणारे किरण अडतात, पण वांग डोळ्याला दिसणाऱ्या उजेडानं पण वाढतं, आणि तो उजेड हे आयर्न ऑक्साइड बऱ्यापैकी अडवतं. हे मला कुठल्याच जाहिरातीत ऐकायला मिळालं नव्हतं.

तर रिव्ह्यू या नळीचा. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, टाकलं की लोक नावच धरून बसतात आणि कंपन्या नाव तेच ठेवून आतला माल बदलतात. मागच्या बाजूला काय लिहिलंय ते सांगते, ते जुळलं म्हंजे झालं. एसपीएफ ५०, पीए चार प्लस, ब्रॉड स्पेक्ट्रम, झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड, वर आयर्न ऑक्साइड, वास नाही, ५० ग्रॅम. कॅम्पातल्या एका लहान मेडिकलमधून घेतली, डिस्काउंट जाऊन साडेसहाशे पडले. साडेसहाशे! माझं कमिशन शंभराला तीन रुपये. एका नळीसाठी साडेएकवीस हजाराच्या वर गोळा करायचे. नळी हातात घेऊन मी दुकानात तोच हिशेब करत उभी होते.

एसपीएफचं गणित कळायला मला वेळ लागला म्हणून लिहिते. ५० म्हंजे ३० च्या दुप्पट बिलकुल नाही. ज्या किरणांनी कातडी भाजते ते एसपीएफ १५ वाली साधारण ९३ टक्के अडवते, ३० वाली ९७ टक्के, ५० वाली ९८. म्हंजे ३० आणि ५० मधे फरक एका टक्क्याचा, मग शंभर लिहिलेली बघून हुरळून जायचं कारणच नाही. आणि एसपीएफ हा आकडा फक्त भाजणाऱ्या किरणांचा. डाग आणि सुरकुत्या आणणारे जे दुसरे, यूव्हीए, त्यांच्यासाठी ते पीए आणि पुढचे प्लस बघायचे. हे यूव्हीए काचेतून आरपार येतात. झालं, साडीच्या दुकानातल्या वहिनींचा डावा गाल! मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना सांगितलं तर त्यांनी आधी गल्ला उजवीकडं सरकवला आणि मग म्हणाल्या, आता उजवा गाल काळा होईल की ओ.

सगळ्यात मोठी गोम म्हंजे हे आकडे लॅबमधे जाड थर लावून काढतात, एका चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम. आपण लावतो त्याच्या पाव हिस्सा. हरभऱ्याएवढी काढायची, तोंडभर फिरवायची आणि म्हणायचं ५० लावलंय. पहिली आणि मधलं बोट, दोन्ही बोटांवर टोकापासून तळापर्यंत एकेक रेघ काढायची, एवढं तोंड आणि मानेला लागतं. मी पहिल्यांदा एवढी काढली तेव्हा वाटलं घर सारवायला घेतलंय. आणि दोन तासांनी परत. मी सकाळी दहाला लावते, साडेबाराला रविवार पेठेत एका ओळखीच्या दुकानात पाणी प्यायला बसते तिथं परत लावते. या हिशेबानं नळी बावीस-तेवीस दिवस जाते. तीन महिने पुरली म्हणणारी बाई कमी लावते, लिहून घ्या.

रंगाचं सांगायचं तर पहिल्यांदा मी टिंट नसलेली घेतली होती, कारण ती शंभरनं स्वस्त होती. झिंकवाली होती, आपल्या रंगावर लावली की पांढरी राख. ती लावून मी रविवारी उपासनेला गेले, भक्त घरात, म्हंजे चर्चमधे, दारापाशीच एक काका म्हणाले, "काय गे, सिनाय पर्वतावरनं उतरूलालीस काय, तोंड चमकूलालंय." मोशेसारखं तोंडावर ओढणी टाकावी की काय असं झालं. अख्खी उपासना मी पदर पुढं ओढून बसले. टिंटवालीला ही भानगड नाही, एकच शेड आहे तिच्यात आणि ती माझ्या रंगाला नशिबानं जुळते, पण माझ्या जावेला लावून बघितली तर ती जरा केशरी दिसली आणि धाकट्या नणंदेला, ती गडद सावळी आहे, तिला चक्क धुरकट. एवढे पैसे घेता तर तीन शेड तरी काढा की.

आता खरी परीक्षा. झावळ्यांचा रविवार, म्हंजे गुड फ्रायडेच्या आधीचा. आमची मिरवणूक दहाला निघायची ती नेहमीप्रमाणं पावणेअकराला निघाली, हातात झावळ्या, पोरं पुढं, "होसान्ना" करत कॅम्पातनं फेरी, रस्त्यावर झाडं आहेत म्हणून बरं, पण मधे मधे उघडा पट्टा. आणि त्यानंतर गुड फ्रायडे. ही परीक्षा जास्त मोठी, कारण बारा ते तीन अशी तीन तासांची उपासना, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जणं बोलतात, चर्चमधे जागा नसते म्हणून बाहेर मांडव, आणि उशिरा येणाऱ्याला मांडवाची कड मिळते. मला कड मिळाली. ऊन मी म्हणत होतं. दुसऱ्या उद्गारापर्यंत ऊन माझ्या पायावर, चौथ्याला मांडीवर आणि पाचव्याला, "मला तहान लागली आहे" चालू असताना, बरोबर तोंडावर. बायबलात त्या तीन तासांत देशभर अंधार पडला असं आहे, बेळगावात मात्र ढगाचा तुकडा नव्हता. मी आधी लावून गेले होते आणि अडीच वाजता पर्समधून नळी काढून, मान खाली घालून, दोन बोटं परत लावली. घरी येऊन बघितलं तर तोंड ठीक, लाली नाही, आग नाही. पण दोन्ही हात कोपरापासून खाली रापलेले आणि पायावर चपलेच्या पट्ट्याची पांढरी खूण. तिथं लावलंच नव्हतं. म्हंजे नळी काम करते, याच्यापेक्षा सरळ पुरावा मला नको.

पण ते अडीच वाजता लावणं महिला मंडळातल्या एका मावशींनी बघितलं. उपासना झाल्यावर चपला शोधतानाच, "उपासाच्या दिवशी तोंडाला काय लावूलालीस गे?" मी म्हटलं मावशी, डोंगरावरच्या उपदेशात प्रभू येशूनं काय सांगितलंय, उपास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव आणि तोंड धू, उदास तोंड करून हिंडू नको. मत्तय सहावा अध्याय. त्या म्हणाल्या, "तेल म्हणालाय, साडेसहाशेची क्रीम नाही म्हणाला." या उत्तरावर माझ्याकडं काही नव्हतं आणि अजूनही नाही.

घरी सासूबाईंचं वेगळं. त्यांचं बायबलातलं १२१ वं स्तोत्र तोंडपाठ आहे, रोज रात्री म्हणतात, दिवसा सूर्य तुला बाधणार नाही, रात्री चंद्र बाधणार नाही. "देव सावली आहे म्हटल्यावर मधे नळी कशाला?" असा सरळ प्रश्न. मी दोन दिवस विचार केला, कारण हे उडवून लावण्यासारखं नाही. त्या विश्वासानंच त्या बाईनं सत्तर वर्षं काढलीत, मुलं वाढवलीत. पण मग मला ९१ वं स्तोत्र आठवलं. ते पण असंच राखणीचं स्तोत्र आहे, देवदूत तुला हातावर झेलतील, पायाला दगड लागणार नाही. आणि हेच वचन मंदिराच्या टोकावर उभं राहून प्रभूला ऐकवलं कुणी? सैतानानं! उडी मार म्हणाला. आणि प्रभूनं उडी मारली नाही, तू परमेश्वराची परीक्षा पाहू नको म्हणाला. म्हंजे वचन खरं असतं आणि तरी जिन्यानं उतरायचं असतं. हे मी सासूबाईंना म्हटल्यावर त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग तुझा जिना लई महाग आहे." त्यांच्यात आणि मावशींच्यात काहीतरी ठरलंय असं मला वाटतं.

आमच्याकडं अजून एक वाक्य नेहमी फेकतात, सौंदर्य व्यर्थ आहे, नीतिसूत्रे ३१. आणि खरंय, मला ते लहानपणापासून एवढं ऐकवलंय की पावडर लावली तरी चोरी केल्यासारखं वाटायचं. पण आमचे पास्टर "तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे" हे वचन घेऊन गुटख्यावर आणि सिगरेटवर दरवर्षी एक संदेश देतात, तेव्हा कुणी म्हणत नाही की फुप्फुसं सुंदर दिसायला पाहिजेत म्हणून सांगतायत. मंदिराला बाहेरनं पण भिंत असते की. चर्चच्या पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा उन्हा-पावसानं सुटला तर आम्ही वर्गणी काढून करून घेतला, तेव्हा कुणाला व्यर्थ वाटलं नाही.

या सगळ्या वादात मी एक दिवस बायबलातलं गीतरत्न काढून वाचलं. ते पुस्तक आमच्यात कुणी मोठ्यानं वाचत नाही, लग्नात दोन ओळी सोडल्या तर. पहिल्याच अध्यायात ती मुलगी म्हणते, मी काळी आहे तरी सुंदर आहे, माझ्याकडं असं टक लावून बघू नका, सूर्यानं मला काळं केलंय. भावांनी तिला द्राक्षमळे राखायला लावलं. आणि पुढं एक ओळ आहे, ती वाचून मी पुस्तक मिटूनच ठेवलं थोडा वेळ. म्हणते, माझा स्वतःचा मळा मात्र मी राखला नाही. बाई गं. अकरा वर्षं मी दुसऱ्यांचे दहा-दहा वीस-वीस रुपये उन्हातान्हात गोळा करून मशीनवर पावती काढून देतेय, एक रुपया इकडचा तिकडं नाही, आणि स्वतःच्या तोंडाकडं बघायला साडीच्या दुकानातला आरसा लागला.

आणि त्याच ओळीत तिचं पहिलं वाक्य विसरायचं नाही, काळी आहे आणि सुंदर आहे. इथं मला या सगळ्या धंद्याचा राग येतो. नळीच्या खोक्यावर एका बाजूला एसपीएफ आणि दुसऱ्या बाजूला ब्राइटनिंग, ग्लो, उजळ, टॅन घालवा. २०२० साली एका मोठ्या क्रीमनं नावातलं फेअर काढून ग्लो घातलं, आत चित्र तेच. सनस्क्रीननी माणूस गोरा होत नाही, व्हायचं कारण पण नाही. आपला सावळा रंग ही देवानं दिलेली थोडीफार छत्रीच आहे, त्या मेलॅनिनमुळं गोऱ्या लोकांएवढा कातडीचा कॅन्सर आपल्याकडं होत नाही. पण ती छत्री छोटी आहे, डाग, वांग, भाजणं हे तिच्यानं थांबत नाही. मला माझा रंग बदलायचा नव्हता, माझा रंग एकसारखा परत पाहिजे होता. चार महिन्यांत तेवढं बऱ्यापैकी झालंय, ओठावरचा डाग जवळजवळ गेला, गालावरचे फिके झालेत, गेले नाहीत. मॅडम म्हणाल्या हे परत येऊ शकतं, कायमचं बरं असं म्हणू नका.

ज्यांची ती छत्रीच नाही त्यांचं वेगळं. आमच्या संडे स्कूलमधे एक पोरगी आहे, जन्मापासून केस, भुवया, कातडी सगळं पांढरं, डोळे उजेडात मिटमिटे. तिच्यासाठी सनस्क्रीन म्हंजे चष्म्यासारखं आहे, नसेल तर चालतच नाही, आणि तिच्या आईवडलांना दर महिन्याला परवडत नाही. झावळ्यांच्या मिरवणुकीत तिला आम्ही दरवर्षी कौतुकानं पुढं उभं करत होतो, पांढऱ्या फ्रॉकमधे देवदूतासारखी दिसते म्हणून. यंदा तिला मोठ्या काठाची टोपी, पूर्ण बाह्या आणि मधे सावलीत चालवलं. आधीची वर्षं आठवली की वाईट वाटतं.

आता तोटे, कारण नुसतं कौतुक केलं तर कंपनीनं पैसे दिले म्हणाल.

कपड्याला लागते, आणि सहज निघत नाही. गुड फ्रायडेची पांढरी साडी, ब्लाउजच्या गळ्याला विटकरी कड, भांडी घासायच्या साबणानं दोनदा घासली तेव्हा गेली. हेल्मेटच्या आतलं स्पंज गालाच्या जागी तपकिरी झालंय. घाम आला की डोळ्यात उतरते पण झोंबत नाही, हे मात्र चांगलं, आधी एक झिंक नसलेली जेलवाली वापरली होती ती डोळ्यात गेली की मी मशीनवर चुकीचा आकडा दाबायचे. नळीवर ८० मिनिटं पाण्यात टिकते असं आहे, पण रुमालानं तोंड पुसलं की सगळी रुमालावर, तेव्हा टिपायचं, घासायचं नाही. आणि एक चूक माझी, नळी गाडीच्या डिक्कीत ठेवली. एप्रिलमधे डिक्की म्हंजे भट्टी. आठवड्यानं दाबली तर आधी पाणी आलं आणि मागनं गाठी. अर्धी नळी फेकली, सव्वातीनशे रुपये. आता पर्समधे पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवते.

आणि हे पण खरं की साडेसहाशेच्या नळीपेक्षा अडीचशेचा सनकोट जास्त काम करतो. खडेबाजारात उन्हाळ्यात टांगलेले असतात ते पांढरे, हातापंजाला अंगठ्याचं भोक असलेले. गुड फ्रायडेच्या हातांनंतर घेतला. घेताना तो ट्यूबलाइटसमोर धरा, आरपार उजेड दिसला तर ठेवून द्या, जाड विणीचा घ्या. ओढणीचं पण तेच, आपल्या पातळ जॉर्जेटच्या ओढण्या तोंडाला गुंडाळून आपण अतिरेक्यासारखे हिंडतो पण त्याच्यातनं निम्मं ऊन आत येतं, आणि घामानं ओली झाली की अजून जास्त. सुती, दाट, गडद रंगाची असली तर बरी. माझ्याकडं काळी छत्री आहे, पावसाळ्यातलीच, ती गल्लीत उघडली तर दुकानदार हसतात. एका कन्नड मावशींचं फुलांचं दुकान आहे, त्यांनी मात्र हाक मारून सांगितलं, "भाळ बिसिल ऐतरी अक्का, छत्री छलो माडिदी." लई ऊन आहे, छत्री घेतलीस ते चांगलं केलंस म्हणाल्या. त्या स्वतः पोत्याच्या सावलीत दिवसभर.

ऊन किती हे ओळखायची सोपी खूण मॅडमनी सांगितली, सावली बघायची. आपली सावली आपल्यापेक्षा बुटकी असेल तर झाकून घ्यायचं. आपल्याकडं सूर्य बरोबर माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या सुमाराला, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तर एक दिवस असा येतो की सरळ उभ्या खांबाची सावली पडतच नाही. मी त्या आठवड्यात गणपत गल्लीत उभी राहून बघितलं, माझी सावली माझ्या चपलांखाली. वारं होतं, गारच वाटत होतं. हाच घोळ आहे आपल्या गावाचा. साडेसातशे मीटर उंची, पश्चिमेचा वारा, चटका कळत नाही आणि किरणं उंचीमुळं थोडी जास्तच. ढग आले तरी बरीचशी खाली येतातच, म्हणून जूनमधे बंद करायचं नाही असं मॅडमनी बजावलंय. बेळगावच्या जूनमधे मी हे पाळीन का, बघू.

पण शेतातल्या बायकांना नळी सांगायची कशी? माझं माहेर कडोलीकडचं. रताळी लावायला, बटाटे काढायला बायका सकाळी आठपासून वाकलेल्या असतात, त्यांना महिन्याला आठ-नऊशे रुपयांची क्रीम लावा म्हणायचं तोंड माझं नाही. येशूनं सांगितलेल्या दाखल्यातले मजूर मालकाला म्हणतात ना, आम्ही दिवसभर कष्ट केले, ऊन सोसलं, तसं त्यांचं. आणि शुनेमच्या त्या पोराची गोष्ट मला आता वेगळीच ऐकू येते, दुसरे राजे चौथा अध्याय. कापणी चालू, पोरगा बापाकडं रानात जातो, "माझं डोकं, माझं डोकं" म्हणतो, बाप गड्याला सांगतो आईकडं ने, आणि आईच्या मांडीवर दुपारपर्यंत बसतो आणि मरतो. अलीशानं त्याला उठवलं हे आपण संडे स्कूलमधे जोरात सांगतो. बापानं त्याला तेव्हाच सावलीत का नाही घेतलं, हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं, यंदा सुट्टीच्या बायबल शाळेत एका सात वर्षांच्या पोरानं विचारलं. शेतात नळी नाही, वेळ बदलणं, डोक्याला जाड पटका, पूर्ण बाह्यांचा नवऱ्याचा जुना शर्ट, पाणी आणि साडेअकरा ते साडेतीन झाडाखाली, एवढं झालं तरी खूप. माझ्या आईनं शर्ट आयुष्यभर घातला. मला लाज वाटायची तेव्हा, शाळेतल्या मैत्रिणी बघतील म्हणून.

आमच्या आज्यांची एक सोला हॅट अजून माळ्यावर आहे. ते मिशनच्या शाळेत मास्तर होते, साहेबांचं बघून ती हॅट घेतली होती, आत शोल्याचं हलकं भेंड आणि वरनं खाकी कापड. उन्हात हॅट, आणि उपासनेला दारात काढून काखेत. घरचे हसायचे म्हणे, साहेब आले साहेब आले. मी मागच्या आठवड्यात काढून डोक्यावर घालून बघितली, भेंड किड्यांनी खाल्लंय पण सावली मानेपर्यंत पडते. आजकालच्या क्रिकेटच्या टोप्या कान आणि मान उघडी सोडतात, त्याच्यापेक्षा आज्यांची अक्कल बरी होती.

दुकानाबद्दल दोन शब्द, कारण रिव्ह्यू त्यांचा पण आहे. कॅम्पातलं हे मेडिकल लहान आहे, एका वेळी तीनच गिऱ्हाईकं उभी राहतात, पण मालकांनी मला शेड जबड्याच्या कडेला लावून, दाराबाहेर उजेडात नेऊन दाखवली. एक्स्पायरी स्वतः वाचून दाखवतात. मी जुन्या ट्यूबचं नाव सांगितल्यावर म्हणाले, चिठ्ठी असल्याशिवाय ती मागू पण नका. संडे स्कूलमधल्या त्या पोरीसाठी महिला मंडळातर्फे महिन्याला एक बिनटिंटवाली घेतो आम्ही आता, ती पांढरी राखवालीच, तिच्यावर ती दिसतच नाही, ती नळी ते खरेदीच्या भावात देतात. मावशी पण वर्गणी देतात, साडेसहाशेचा टोमणा मारून. फक्त यूपीआयचा स्कॅनर निम्म्या वेळा चालत नाही, सुट्टे पैसे न्या.

नळीला पाचातले चार, एक तारा शेडचा आणि किमतीचा कापला. सनकोटला पाच. आधीच्या त्या गोरं करणाऱ्या ट्यूबला तारा देण्यापेक्षा मी आकाशातले मोजत बसेन. दुकान सकाळी साडेनऊला उघडतं, दुपारी एक ते चार बंद असतं, आणि त्या वेळात उघडं असतं तरी तुम्हाला या म्हटलं नसतं.